यमूताईचा विषमज्वर

कुमुदला दिवस गेले आणि आमच्या घरात निम्मी मराठी भाषा बंद झाली. तांदूळ संपायचे नाहीत, ते "वाढायचे". बांगडी फुटायची नाही, तीही वाढायची. बाहेर पडताना कोणी "जाते" म्हणालं की माई दारापर्यंत धावत यायची आणि "येते" असं म्हणवून घेऊनच सोडायची. पलीकडच्या क्वार्टरमधल्या गोदूबाईंचे सासरे वारले, तेव्हा माईनं आम्हाला सांगितलं, "त्यांच्याकडे जरा गडबड आहे." हे सगळे नियम घरात आधीपासून होतेच, पण एरवी कोणी ते मनावर घेत नसे. आता माईनं ते कारखान्याच्या शिस्तीनं चालवायला घेतले.

माई म्हणजे माझी आई. कारखान्यात माझा धाकटा भाऊ मधू होता. तिथं तो नकाशे काढायचा, म्हणून अंबरनाथला आम्हाला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं होतं. त्रेपन्न सालची ही गोष्ट. मी शाळेत पहिलीचा वर्ग शिकवत होते, अठ्ठावीस वर्षांची होते आणि माझ्या लग्नाचा विषय घरात त्या बांगडीसारखाच कधीचा वाढला होता. त्यामुळे बायका बाळंतपणाचं बोलायला लागल्या की मला हटकून उठवलं जाई. "वृंदा, जरा दूध बघ गं." दूध उतू जायच्या बेतात कधीच नसे.

कुमुद मधूची बायको. पूर्ण नाव कुमुदिनी, माहेर बदलापूर, वय एकोणीस. स्वभावानं गप्प. तिची थोरली बहीण यमू लग्नानंतर वर्षभरातच विषमज्वरानं गेली, हे लग्न ठरवताना तिच्या वडिलांनीच सांगितलं होतं. माईनं त्यावर हळहळ व्यक्त केली आणि मुलगी पसंत केली. त्यानंतर यमूचं नाव आमच्या घरात निघालं नाही.

पाचव्या महिन्यात कुमुदनं शिवण काढलं. झबली झाली, टोपडी झाली, जुन्या साड्यांची दुपटी झाली. इथवर सगळं रीतसर होतं. मग एके दिवशी मी शाळेला निघाले तर म्हणाली, "वन्सं, तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलाच्या खांद्याचं माप आणाल का? सुतळीनं घेतलंत तरी चालेल."

मला वाटलं, कोणाला तरी सदरा द्यायचा असेल. माप आणून दिलं. आठवड्यानं तिच्या ट्रंकेत बघते तर एक वर्षाचं, दोन वर्षांचं, तीन वर्षांचं असं चढत्या भांजणीनं सगळं शिवून ठेवलेलं, आणि वर पाच-सहा वर्षांच्या मुलाचा निळा सदरा. मुलगी झाली तर म्हणून एक परकरही. अजून जन्माला न आलेल्या मुलाला शाळेत घालून मोकळी झाली होती बाई.

त्यानंतर तिनं मला मधूला आवडते तशी आमटी शिकवायला घेतली. आता मधू माझा भाऊ. ही परकरात असल्यापासून मी त्याला आमटी करून वाढत आले होते. माझं डोकं तडकलं. "कुमुद, तू कुठं निघाली आहेस का?" असं मी विचारलं. ती म्हणाली, "चिंच जरा कमी घालायची," आणि चुलीत फुंकत राहिली.

त्या सोमवारी माई आम्हाला दोघींना शिवमंदिरात घेऊन गेली. तिथला गाभारा जमिनीच्या खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. कुमुद पायऱ्यांशी थांबली आणि "मी नाही येत, काळोख आहे," म्हणाली. माईला अशा अवस्थेतल्या मुलीला पायऱ्या उतरवायचा धीर नव्हताच, तेव्हा ती एकटीच खाली गेली. आम्ही बाहेर ओढ्याच्या बाजूला दगडावर बसलो. फुलवाली पडून राहिलेल्या माळांवर पाणी मारत होती.

"मी वाचत नाही, वन्सं," कुमुद म्हणाली. बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशा आवाजात.

मी म्हणाले, "हा काय मूर्खपणा?" वर्गात मला हेच वाक्य सगळ्यात आधी सुचतं.

मग तिनं सांगितलं. यमूताईला विषमज्वर झालाच नव्हता. ती पहिल्या बाळंतपणाला बदलापूरला माहेरी आली होती. मागच्या खोलीत बाज टाकली होती. पंधरा वर्षांच्या कुमुदला पडवीत पावट्याच्या शेंगा सोलायला बसवलं होतं, म्हणजे ती मध्ये येणार नाही. आदल्या दिवसापासून यमूताई ओरडत होती. शेंगा संपल्या की कोणीतरी आणखी आणून द्यायचं.

"दुसऱ्या दिवशी दुपारी आवाज एकदम बंद झाला," कुमुद म्हणाली. "मला तेव्हाच कळलं. पण बाहेर कोणी आलं नाही. मी सोलतच राहिले. संध्याकाळी मला शेजारच्या घरी पाठवलं. परत आले, तेव्हा आईनं सांगितलं."

"मग विषमज्वर कुठून आला?"

"अण्णांनी आणला. एक मुलगी बाळंतपणात गेली म्हटलं की दुसरीला बघायला कोण येणार?" तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मी हे तुम्हाला सांगितलं, माईंना सांगू नका. आई-अण्णा खोटे पडतील. तुम्हाला सांगायला हरकत नाही असं वाटलं. तुम्हाला यातलं काही कळत नाही ना."

मला राग आला. तो तिच्या वडिलांचा होता, माईच्या शुभ बोलण्याचा होता की मला काही कळत नाही याचा होता, ते मला ठरवता येईना. मी विचारलं, "मधूला बोललीस?"

"भीती वाटते म्हणून सांगितलं. म्हणाले, सगळ्याच बायका होतात की बाळंत. दुसऱ्या दिवशी येताना संत्री घेऊन आले."

मधू तसा चांगला मुलगा आहे.

"आणि तुझ्या आईला?"

"आईनं त्या दिवसापासून ताईचं नाव घेतलेलं नाही. तिच्यासमोर कसं काढू?" मग म्हणाली, "वन्सं, मला बाळंतपणाची भीती वाटते ती वेगळी. ती कशीतरी सोसेन. पण सातव्या महिन्यात आई मला न्यायला येणार आणि त्याच खोलीत, त्याच बाजेवर निजवणार. तिथं मी नाही उठणार परत, हे मला पक्कं माहीत आहे."

पहिलं बाळंतपण माहेरी, यात आमच्याकडे विचारण्यासारखं काही नव्हतंच. सूर्य पूर्वेला उगवतो तसं ते होतं. न पाठवली तर सासरचे लोक कंजूष किंवा दुष्ट, न नेली तर माहेरचे. तेवढ्यात माई गाभाऱ्यातून वर आली, आमच्या कपाळाला अंगारा लावला आणि कुमुदचा चेहरा उतरलेला पाहून म्हणाली, "ऊन लागलं वाटतं."

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. फुलांची वाडी भरली, हिरवी साडी नेसवली, क्वार्टरमधल्या सगळ्या बायका जमल्या. पेढा निघतो की बर्फी ते झालं. मग प्रत्येकीनं आपापल्या बाळंतपणाचं सांगितलं आणि या वेळी मला उठवायचं कोणाला सुचलं नाही. एकजात सगळ्यांचं म्हणणं एकच, काही कळलंसुद्धा नाही! गोदूबाई म्हणाल्या, "मी तर भाजी निवडत होते, तेवढ्यात झालासुद्धा." गोदूबाईंच्या धाकट्याच्या वेळी आमच्यातली भिंत मध्ये असूनही मी कानात बोटं घालून बसले होते. कारखान्याच्या भोंग्यानंही त्यांचा आवाज झाकला नव्हता. कुमुद सगळ्यांकडे बघून हसत होती. ते हसणं बघून मला उठून एकेकीला खरं बोलायला लावावंसं वाटलं. पण मला कुठं यातलं कळत होतं?

कुमुदची आई, कमळाबाई, बदलापूरहून आल्या होत्या. बारीक, सावळ्या, कोपऱ्यात बसून राहिलेल्या. लेकीच्या घरी तिला मूल होईपर्यंत पाणी घ्यायचं नाही, म्हणून त्यांनी सरबतालाही हात लावला नाही. माईनं विचारलं, "मग न्यायचं कधी? आठवा लागायच्या आत न्या. आठव्यात प्रवास नको."

"बघते पंचांग," कमळाबाई म्हणाल्या.

पंचांग बघून त्यांनी जो दिवस कळवला, त्या दिवशी त्या आल्याच नाहीत. लांबच्या चुलत्याचं सुतक आलं म्हणे. पुढच्या खेपेला निरोप आला की मागच्या खोलीची कौलं उतरवली आहेत, डागडुजी चालली आहे. माईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "बाळंतपणाचा खर्च अंगावर पडतो म्हणून टाळाटाळ चाललीय," ती मला म्हणाली. "एकुलती एक लेक राहिलीय, तरी हात सुटत नाही." मला माहीत होतं ते सांगायची बंदी होती, आणि कमळाबाई का टाळतायत ते मलाही कळलं नव्हतं. कुमुदला तर प्रत्येक निरोपानं दोन-चार दिवस जीवदान मिळत होतं. त्या दिवसांत तिला जेवण जायचं.

शेवटी माईनं मधूला बदलापूरला पाठवून कमळाबाईंना बोलावूनच घेतलं. आठवा लागायला चार-पाच दिवस राहिले होते. त्या सकाळी मधूबरोबर आल्या, हातात रिकामी पिशवी. कुमुदची ट्रंक दाराशी काढून ठेवली होती. माईनं ओटी भरायला नारळ, तांदूळ काढले आणि ते ताटात घेता घेताच बोलायला सुरुवात केली.

"विहीणबाई, आमच्यात पहिलं माहेरीच होतं. तुमच्याकडे अडचण असेल तर तसं स्पष्ट सांगावं. आम्ही काय खर्चाला नाही म्हटलं असतं का?"

कमळाबाई खाली बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हो. अडचणच आहे. हात आखडलाय यंदा. कुमूला इथंच ठेवून घ्या."

असं स्वतःच्या तोंडानं कोणी कबूल करत नाही. माईची जीभ सुटली. लेकीच्या बाळंतपणात हात आखडणारी आई तिनं उभ्या जन्मात पाहिली नव्हती, वगैरे. त्या बाई ऐकत होत्या. कंजूष म्हणून घ्यायला त्या घरून तयार होऊनच आल्या होत्या, हे मला तेव्हा दिसलं. आणि ते माझ्याआधी कुमुदला दिसलं.

"आईला बोलू नका, माई," ती म्हणाली. "अडचण नाहीये. यमूताई विषमज्वरानं नाही मेली. बाळंतपणात मेली. त्या मागच्या खोलीत. मला तिथं जायचं नाही. मला भीती वाटते."

घरात सात महिन्यांत न उच्चारलेले शब्द एका दमात झाले होते. माईच्या हातातले तांदूळ तसेच राहिले. कमळाबाईंनी मान वर केली आणि म्हणाल्या, "मलाही नाही न्यायची तिला. कौलं मीच उतरवायला लावली. मी एकदा त्या दारातून आत गेले होते, परत नाही जाणार." एवढं बोलून त्या जमिनीवरच बसल्या.

माई लाल झाली. "म्हणजे फसवलंत तुम्ही आम्हाला. लग्न जुळवताना तोंडावर खोटं सांगितलंत." हे खरंच होतं. ती आत गेली, भांडी आपटली, परत बाहेर आली. "आणि तू गं? एवढे महिने हे घेऊन फिरत होतीस?" कुमुदनं मानेनंच हो म्हटलं. माई ओटीचे तांदूळ परत डब्यात टाकत मधूला म्हणाली, "कॅम्पात ती सिंधी डॉक्टरीण आहे म्हणतात ना, तिची चौकशी कर. आज." ट्रंक तिनं स्वतः आत ढकलली. कमळाबाईंशी मात्र ती त्यानंतर दोन महिने एक शब्द बोलली नाही.

कॅम्प म्हणजे उल्हासनगर. नाव नवीन होतं, लोकांच्या तोंडी कॅम्पच होतं. तिथं लष्कराच्या जुन्या बराकींत फाळणीनंतर आलेली सिंधी माणसं राहत. त्यातल्याच एका बराकीत डॉक्टर मोतीबाईंनी पाच-सहा खाटा टाकून बाळंतपणाचा दवाखाना काढला होता. दारात कोणाचे तरी पापड वाळत घातलेले असायचे. मोतीबाई कराचीहून आलेल्या, पन्नाशीच्या, पांढरी सलवार-कमीज घालणाऱ्या. त्यांनी कुमुदला तपासलं. कुमुदनं त्यांना सरळ विचारलं, "मी वाचेन का?"

माईनं "शुभ बोल" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"अभी तो सब ठीक है, बेटा," मोतीबाई म्हणाल्या. "उस दिन का उस दिन देखेंगे. मी असणार तिथं, कुठे जाणार नाय."

बाहेर आल्यावर कुमुद मला म्हणाली, "त्या 'काही होत नाही' म्हणाल्या नाहीत. बरं वाटलं." त्यानंतर तिचं शिवण थांबलं. भीती गेली असं मी म्हणणार नाही. ती मला रोज संध्याकाळी आज किती भीती वाटली ते सांगायची, आणि मी ऐकायची. कधी जास्त, कधी कमी. आमटीबद्दल मात्र परत बोलली नाही.

नववा भरला आणि एका पहाटे कळा सुरू झाल्या. टांग्यानं आम्ही तिला कॅम्पात नेलं. जाताना माई मधूला म्हणाली, "बदलापूरला जा. आईला घेऊन ये तिच्या." मी तिच्याकडे पाहिलं, तशी माझ्यावरच खेकसली, "बघतेस काय? आई नको का जवळ?"

कमळाबाई उन्हं चढायच्या आत पोचल्या आणि सरळ आत गेल्या. खाटांच्या मध्ये नुसते कापडी पडदे होते. बाहेरच्या बाकावर माई आणि मी. पडद्याखालून पाय दिसत, पडद्यातून सगळं ऐकू येई. पण कुमुदचा आवाजच येत नव्हता. पलीकडच्या खाटेवरची बाई सिंधीत देवाला आणि नवऱ्याला आळीपाळीनं हाका मारत होती. आमच्या पडद्यामागे मोतीबाईंचं तेवढं बोलणं. "चिल्लाओ बेटा. दाबू नको. आवाज कर." तरी काही नाही. मी खूप भ्याले होते. कानात बोटं घालायचीसुद्धा सोय नव्हती, कारण ऐकायला काही नव्हतंच. मी माईचा हात धरला.

मग कमळाबाईंचा आवाज आला.

"पदर काढ तोंडातून. कुमू, पदर काढ. यमूनं असाच धरला होता."

कमळाबाई पुढे बोलत राहिल्या, घाईघाईनं, कोणी थांबवेल अशा भीतीनं. "दुपारी म्हणाली, आई, कुमू पडवीत बसलीय, ती भिईल. आणि पदर कोंबून घेतला तोंडात. संध्याकाळपर्यंत काढला नाही. मी तिला म्हटलं नाही ओरड म्हणून. मलाही वाटलं, बरं झालं, तू भिणार नाहीस. तू ओरड गं. इथं कोणी भीत नाही."

"दुपारी ती होती?" कुमुदचा आवाज मला ओळखू आला नाही. "आवाज थांबला तेव्हा ताई होती?"

"होती. तुझ्यासाठीच गप्प होती."

यानंतर कुमुद जी ओरडली, तसा आवाज मी आजवर ऐकलेला नाही. त्यात कळ किती होती आणि रडणं किती होतं, मला सांगता येणार नाही. पलीकडची बाईसुद्धा गप्प झाली. दारात पापड उलटत बसलेल्या म्हातारीनं हात जोडले. कुमुद ओरडत राहिली, थांबून थांबून, पूर्ण छाती भरून, आणि माझ्या शेजारी माई डोळे मिटून बसली होती. एकदाही हू की चू केलं नाही तिनं.

दुपारी मुलगी झाली. मोतीबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "दोन्ही चांगल्या आहेत," आणि हात धुवायला गेल्या. माई मटकन बाकावर बसली. ती उभी कधी राहिली होती, ते मी पाहिलंच नव्हतं.

आम्ही आत गेलो तेव्हा कुमुदचे केस कपाळाला चिकटले होते आणि घसा पार बसला होता. पोर तिच्या दंडाशी होती, लाल, मुठी आवळलेली. कमळाबाई खाटेच्या कडेला बसून तिच्या तोंडावरून ओलं फडकं फिरवत होत्या. माई पुढे झाली, पोरीकडे बघितलं आणि दोन महिन्यांचा अबोला मोडून म्हणाली, "विहीणबाई, तुम्ही पाणी घेतलंत का सकाळपासून?" कमळाबाईंनी नाही म्हणून मान हलवली. माईनं मला तांब्या आणायला पाठवलं.

मी पाणी घेऊन आले तेव्हा कुमुद पोरीच्या डोक्यावरून बोट फिरवत होती. तिनं आईकडे बघितलं.

"आई, ताईला काय झालं होतं? मुलगा की मुलगी?"

चार वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. विषमज्वराला मूल नसतं. शुभ घटकेला असलं काही काढायचं नसतं, हे त्या खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. मी माईकडे पाहिलं. तिनं स्टूल ओढलं आणि कमळाबाईंच्या शेजारी बसली.

"मुलगा," कमळाबाई म्हणाल्या. "जावळ फार होतं त्याला."

"रडला होता?"

"एकदा रडला," त्या म्हणाल्या. "चांगला मोठ्यानं रडला."